सौदा एकाचा, भरणा दुसऱ्याचा

सैतानास आत्मा विकणाऱ्या फाउस्ट नावाच्या विद्वानाची कथा जर्मनीत १५८७ साली छापली गेली. चोवीस वर्षांच्या करारावर त्याने आपल्या रक्ताने सही केली आणि मुदत भरताच सैतानाने त्यास नेले. इंग्रज नाटककार मार्लो यानेही तोच शेवट ठेवला. विकले ज्याने, भरले त्याने. हिशेब सरळ होता.

जर्मन कवी गटे याने हा सरळ हिशेब मोडला. त्याच्या नाटकाचा पहिला भाग १८०८ साली निघाला. त्यात करार फाउस्टचा, पण देहदंडाची शिक्षा त्याने नादी लावलेल्या मार्गारेटेस होते. आपल्या हरिश्चंद्राच्या कथेतही शब्द राजाने दिला आणि बाजारात आधी उभी राहिली ती तारामती, रोहिदासासह.

गटेच्या नाटकाचा दुसरा भाग कवीच्या निधनानंतर, १८३२ साली, प्रसिद्ध झाला. त्यातला अखेरचा अंक गोसीखुर्दच्या परिसरात मुद्दाम वाचण्याजोगा आहे. म्हातारा झालेला फाउस्ट तेथे बांध घालतो, कालवे खणतो, समुद्र हटवून जमीन काढतो. काम लोकांच्या उपयोगाचेच आहे. परंतु टेकाडावर एका वृद्ध जोडप्याची झोपडी असते. बदली जागा देऊ केली तरी ती दोघे हलत नाहीत. त्यांना हलविण्याचा हुकूम सुटतो. झोपडी जळते, दोघेही मरतात. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांस त्या म्हातारीचे बोलणे विसरता येत नाही : रात्री माणसांचा आक्रोश ऐकू येई आणि सकाळी कालवा तयार दिसे.

फाउस्टचा आत्मा देवदूत सोडवून नेतात. म्हाताऱ्यांची झोपडी मात्र कोणी परत उभारीत नाही.

वैनगंगेवरील येथील धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. धरण म्हणजे सैतानाशी करार, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. कोरड्या शेतास पाणी हवेच. १९८३ च्या मंजुरीत ३७२ कोटींचा धरलेला खर्च पुढे अठरा हजार कोटींवर गेला. ही वाढ कागदावर मांडता आली. बुडालेल्या गावाचे देऊळ, पार आणि शेजार यांचा आकडा कोणत्या रकान्यात मांडावा?

म्हणून श्रोतेहो, मोठ्या कामाचा करार पुढे आला की सही कोणाची हे तर पाहावेच; पण भरणा कोणाच्या घरातून होणार, हे त्याआधी विचारावे आणि त्या घरास तोंडावर विचारावे.