नैवेद्याची पायली

देवळांच्या जुन्या लेखांत नैवेद्याचे तांदूळ पायली, कुडव, खंडी या मापांनी नेमलेले आढळतात. आज कोठीत ते किलोने येतात. मापाचे वजन कसे करावे, हा प्रश्न मात्र फार प्राचीन आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्रोण हे माप उडदाच्या वजनाने ठरविले आहे : राजाच्या उत्पन्नाचा द्रोण २०० पलांचा, व्यवहाराचा १८७½, वाटपाचा १७५ आणि अंतःपुराचा १६२½. नाव एकच, परंतु घेतानाच्या द्रोणाहून वाटताना तो आठव्या हिश्श्याने उणा! मापावरील शीग चौथाई असावी, हेही तेथे सांगितले आहे.

आपल्याकडे दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. तीही गावोगाव निराळी. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक माने आणली. तथापि पायलीभर तांदूळ व पायलीभर पोहे यांचे वजन सारखे होत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, कोठीतले जुने माप मोडीत घालण्यापूर्वी त्यात नेमलेलेच धान्य रिवाजाप्रमाणे सपाट किंवा शिगेसह भरून तोलावे आणि तो आकडा वहीत नोंदवावा. अन्यथा दात्याचा शब्द कागदावर पुरा राहील आणि देवाचे पान उणे वाढले जाईल.