खाडींतील पाण्याचा माग

जालना शहर कुंडलिकेच्या कांठीं वसलेलें आहे. कुंडलिकेचें पाणी दुधनेंत, दुधनेचें पूर्णेंत आणि पूर्णेचें गोदावरींत जातें. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून तर गोदामाई स्वतःच वाहते. हें सारें पाणी शेवटीं आंध्रांत बंगालच्या उपसागरास मिळतें. नदी सागरास मिळते असें आपण सहज म्हणतों. पण ती मिळते कशी? मुखाजवळच्या उथळ खाडींत भरतीचें खारें पाणी आंत शिरतें आणि ओहोटीबरोबर मागें फिरतें. नदीनें आणलेला गाळ आणि गांवोगांवची घाण त्यांत पुढें-मागें हेलकावे खात राहते. तिचा निचरा किती दिवसांत होईल, हें नुसतें कांठावर उभें राहून सांगतां येत नाहीं.

या प्रश्नाच्या उत्तराचा आरंभ एका कांचेच्या नळींत झाला. १८८३ सालीं मँचेस्टर येथें ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनीं वाहत्या पाण्यांत रंगाची बारीक धार सोडली. वेग कमी असतां ती दोऱ्यासारखी सरळ राहिली. वेग वाढतांच ती तुटून भोवऱ्यांत विरून गेली. पुढें १९२६ सालीं रिचर्डसन यांनीं दाखविलें कीं, पसरणारा पुंजका जितका मोठा, तितका तो अधिक झपाट्यानें पसरतो. कारण मग मोठे भोवरेहि त्याला फांकवूं लागतात. १९४८ सालीं त्यांनीं व स्टॉमेल यांनीं पार्सनिप नांवाच्या गाजरासारख्या कंदाचे तुकडे पाण्यावर सोडून त्यांच्यांतील वाढतें अंतर मोजल्याचें प्रसिद्ध केलें. हे तुकडे जेमतेम तरंगतात, म्हणून वारा त्यांना ढकलीत नाहीं. १९५३ सालीं जी. आय. टेलर यांनीं आणखी एक मर्म उलगडलें: प्रवाह मध्यें जलद व कडेला मंद असतो, म्हणून त्यांत मिसळलेला पदार्थ लांबवर ताणला जातो. खाडींतहि हाच न्याय लागू पडतो.

आतां आपल्या महाराष्ट्राकडे वळूं. पुण्याजवळ खडकवासल्यास जें जलसंशोधन केंद्र आहे, त्याचें मूळ १९१६ सालचें. त्याचे प्रमुख राहिलेले सर क्लॉड इंग्लिस १९४७ सालीं इंग्लंडांतील तशाच केंद्राचे प्रमुख झाले. तेथें त्यांच्यापुढें थेम्स नदीच्या खाडीचें कोडें आलें. बंदरांतला गाळ उपसून समुद्राच्या दिशेनें खाडींतच टाकला जाई, तरी बंदर पुनः पुनः भरे. तेव्हां १९५४-५५ च्या सुमारास किरणोत्सर्गी स्कँडियम असलेली कांच गाळाच्या कणांइतकी बारीक दळून पाण्यांत सोडण्यांत आली, आणि तिचा माग यंत्रांनीं घेतला. टाकलेले कण उलट वर, बंदराकडे परतत होते! खारें पाणी जड असल्यानें तळाशीं त्याची एकूण वाटचाल जमिनीकडे असते. वरचें गोडें पाणी तेवढें समुद्राकडे जातें. तेव्हांपासून उपसलेला गाळ जमिनीवर नेऊन टाकण्याचें धोरण तेथें पुढें आलें. १९५९ सालीं मुंबई बंदरांतहि अशाच कणांनीं गाळाचा माग काढण्यांत आला.

पाण्यांत टाकलें कीं गेलें, ही आपली जुनी समजूत. खाडीचें मापन सांगतें कीं, वरच्या अंगाला दिसणारा प्रवाह हा अर्धाच हिशेब असतो. उरलेला अर्धा तळाशीं, उलट दिशेनें, चाललेला असतो. गांवाची घाण कुंडलिकेंत सोडणाऱ्यास हा हिशेब दिसत नाहीं, कारण तो दूर गोदावरीच्या मुखाशीं राहणाऱ्या कोळ्याच्या जाळ्यांत उतरतो.