घोड्यांमधील स्नायुविकार

घोड्यांमधील स्नायुविकार हा घोड्याच्या ऐच्छिक स्नायूंची रचना किंवा कार्य बिघडविणाऱ्या रोगांचा गट होय. अतिश्रम, आहारातील असमतोल, विषबाधा आणि आनुवंशिक दोष ही त्यांची प्रमुख कारणे आहेत. यांपैकी काही विकारांत स्नायुपेशीतील ऊर्जानिर्मिती करणाऱ्या तंतुकणिकांमध्ये (मायटोकाँड्रिया) बिघाड आढळतो. अशा विकारांना तंतुकणिकीय स्नायुविकार म्हणतात.

पार्श्वभूमी

घोड्याच्या शरीरभारात स्नायूंचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक असतो. धावताना स्नायूंना लागणारी ऊर्जा एटीपी या संयुगाच्या रूपाने मिळते. प्राणवायूच्या साहाय्याने शर्करा व मेदाम्ले यांपासून एटीपी तयार करण्याचे काम तंतुकणिका करतात. नियमित सरावाने स्नायूंतील तंतुकणिकांचे प्रमाण वाढते व घोड्याचा दमसास सुधारतो. याउलट तंतुकणिका अकार्यक्षम झाल्यास पेशीला प्राणवायूविना ऊर्जा मिळवावी लागते. त्यामुळे रक्तात लॅक्टिक आम्ल साठते आणि थोड्या श्रमानेही घोडा थकतो.

श्रमजन्य स्नायुविघटन

हा या गटातील सर्वाधिक परिचित विकार आहे. युरोपात ओझे ओढणाऱ्या घोड्यांना रविवारी विश्रांती व पूर्ण खुराक मिळे आणि सोमवारी कामाला जुंपताच त्यांचे स्नायू आखडत. यावरून त्यास ‘सोमवारचा आजार’ असे नाव पडले. घाम फुटणे, पुठ्ठ्याचे स्नायू दगडासारखे कठीण होणे, पाऊल उचलण्यास नकार देणे आणि चहासारखी गडद तांबूस लघवी ही त्याची लक्षणे होत. फुटलेल्या स्नायुपेशींतील मायोग्लोबिन हे रंजक प्रथिन मूत्रात उतरल्याने हा रंग येतो. तेच मूत्रपिंडास इजा करू शकते. घोडा अस्वस्थ होत असल्याने या विकाराची पोटशुळाशी गल्लत होण्याचा संभव असतो.

आनुवंशिक प्रकार

क्वार्टर हॉर्स, पर्चेरॉन, बेल्जियन इत्यादी जातींत स्नायूंमध्ये बहुशर्करेचा अपसामान्य साठा होणारा विकार आढळतो. त्यास कारणीभूत असलेले जीवायएस१ या जनुकातील उत्परिवर्तन २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. या घोड्यांचा धान्याचा खुराक कमी करून चारा व नियमित व्यायाम दिल्यास त्रास कमी होतो. थरोब्रेड जातीत वारंवार उद्भवणारे स्नायुविघटन मात्र निराळे असून उत्तेजित, बुजऱ्या स्वभावाच्या तरुण माद्यांत ते विशेष दिसते.

तंतुकणिकांचा जन्मजात दोष घोड्यांत दुर्मीळ आहे. १९९४ मध्ये एका अरबी जातीच्या तरुण घोडीची नोंद प्रसिद्ध झाली. हलक्या व्यायामानेही तिच्या रक्तातील लॅक्टिक आम्ल अतोनात वाढत असे. तिच्या स्नायूंत तंतुकणिकांच्या श्वसनसाखळीतील पहिल्या संकुलाची उणीव आढळली.

विषजन्य प्रकार

युरोप व उत्तर अमेरिकेत मॅपल वर्गातील काही वृक्षांच्या बिया व रोपे खाल्ल्याने कुरणातील घोडे अचानक आडवे होतात. त्यांतील हायपोग्लायसिन या द्रव्यापासून शरीरात बनणारा घटक तंतुकणिकांमधील मेदाम्लांचे ज्वलन रोखतो. बाधित घोड्यांपैकी निम्म्याहून अधिक दगावतात.

मराठवाड्यात पडीक रानात व रस्त्याकडेला कासविंदा हे तण उगवते. त्याच्या बिया जनावरांच्या स्नायूंना व यकृताला घातक ठरतात. बाधित गुरांच्या स्नायूंत तंतुकणिका फुगून विस्कटल्याचे आढळते. चाऱ्यात किंवा धान्यात या बिया मिसळणे घोड्यांसही अपायकारक आहे.

कोंबड्यांच्या खाद्यात घातले जाणारे मोनेन्सिन हे औषध घोड्यांना विशेष घातक आहे. कोंबडीस मारक ठरणाऱ्या मात्रेच्या मानाने घोड्याची मारक मात्रा सुमारे शतांश, म्हणजे दर किलो वजनामागे २ ते ३ मिलिग्रॅम, इतकीच असते. या औषधाने पेशींतील क्षारांचा तोल ढळतो आणि हृदयाच्या व इतर स्नायूंतील तंतुकणिका निकामी होतात. यावर उतारा नाही. त्यामुळे कोंबडीखाद्य घोड्यांच्या दाण्यापासून पूर्णपणे वेगळे ठेवणे हाच खरा उपाय ठरतो.

सेलेनियम व जीवनसत्त्व ई

ही दोन द्रव्ये पेशीपटलांचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण करतात. त्यांच्या अभावी शिंगरांचे स्नायू फिकट पडतात व ती उभी राहू शकत नाहीत किंवा त्यांना दूध पिता येत नाही. मात्र सेलेनियम अधिक झाल्यास तेही विषारी ठरते.

निदान व उपचार

क्रिएटिन कायनेज (सीके) व एएसटी या विकरांची रक्तातील पातळी तपासून निदान केले जाते. सीके काही तासांत वाढते व लवकर उतरते. एएसटी सावकाश वाढते व अधिक काळ टिकते. त्यामुळे दोन्हींच्या तुलनेवरून इजा केव्हा झाली याचा अंदाज येतो. तंतुकणिकांचा दोष ओळखण्यासाठी स्नायूचा लहान तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो.

आखडलेल्या घोड्यास चालवून मोकळे करण्याचा प्रयत्न इजा वाढवितो. त्यास जागीच थांबवून सावली व पाणी द्यावे आणि पशुवैद्यकास बोलवावे. शिरेतून द्रव देऊन मूत्रपिंडांचे रक्षण करणे हा उपचाराचा गाभा आहे. शरीरातील पाणी घटले असताना वेदनाशामके मूत्रपिंडांस अपाय करू शकतात, म्हणून ती पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावीत.

नांदेड–लातूर परिसर

लोहा तालुक्यातील माळेगाव येथे खंडोबाच्या यात्रेत मार्गशीर्ष महिन्यात घोड्यांचा मोठा बाजार भरतो. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे घोडे पाळण्याची परंपरा असून दसरा व होळीच्या मिरवणुकांत ते सहभागी होतात. लग्नसराईत वरातीसाठीही घोडे वापरले जातात. दीर्घ विश्रांतीनंतर एकाएकी येणारे काम, लांबचा वाहनप्रवास आणि ४० अंश सेल्सियसपुढे जाणारा उन्हाळा ही स्नायुविघटनास पोषक परिस्थिती होय. सुटीच्या दिवसांत ज्वारी, हरभरा व गूळ यांचा खुराक कमी करणे, दररोज थोडी फेरी मारणे आणि हंगामापूर्वी काम हळूहळू वाढविणे हे प्रतिबंधाचे सोपे उपाय आहेत.

लातूर जिल्ह्यात उदगीर येथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अश्ववर्गीय प्राण्यांवरील राष्ट्रीय संशोधन केंद्र १९८५ मध्ये हरियाणातील हिसार येथे स्थापन झाले.

हे सुद्धा पहा

तंतुकणिका
मारवाडी घोडा
भीमथडी घोडा
माळेगाव यात्रा