पद्मिनीचं हेड आणि कॉस्टिक सोडा

दहिसर चेकनाक्यापर्यंत धावणारी काळी-पिवळी पद्मिनी आठवतेय? वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने ती कुर्ल्यात बनवली. 1089 सीसीचं इंजिन मूळ फियाटचं: ब्लॉक बिडाचा, हेड मात्र ओतीव ॲल्युमिनियमचं. गंमत इथेच आहे. कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात ब्लॉक टाकला की तेलकट मळ निघतो, बीड शाबूत राहतं. हेड टाकलं तर सोडा धातूच खातो, हायड्रोजनचे बुडबुडे येतात. म्हणून हेडला रॉकेल, पितळी ब्रश आणि सबुरी. गॅस्केट बसते त्या बाजूला ओरखडा नको.

ऑक्टोबर 2023 मध्ये 20 वर्षांची मुदत संपून मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी थांबली. कारखान्यातून नवं हेड आता येणार नाही. त्यामुळे जुना पार्ट हाती आला, तर आधी चुंबक लावा. चिकटलं नाही, तर सोड्याचा डबा बंदच ठेवा!