पहिले जेट : घाटगे यांचे ‘किरण’ आणि वऱ्हाडातल्या वावरावरचा नळीतला पंखा

१६ एप्रिल २०२५. अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावर मुंबईहून आलेले पहिले नियमित प्रवासी विमान उतरले. ते अलायन्स एअरचे एटीआर-७२ होते, म्हणजे जेट नव्हे. त्याच्या इंजिनात टर्बाइन असते, पण विमान ओढण्याचे काम बाहेर फिरणारे दोन मोठे प्रोपेलर करतात. शहराने इतकी वर्षे वाट पाहिली आणि अखेर आले ते पंख्याचे विमान, अशी थट्टाही झाली असेल. त्यामागचे कारण मात्र थट्टेचे नाही. बेलोऱ्याची धावपट्टी १,८५० मीटरची आहे आणि एवढ्या लांबीवर एटीआर निर्धास्त वावरते. मोठ्या प्रवासी जेटला याहून लांब पट्टी लागते.

हा धागा मोठ्या विमानांचा नाही. अकोला-अमरावतीकडचा एखादा तरुण महिनोन्महिने पैसे साठवून फोमचे छोटे इलेक्ट्रिक जेट मागवतो. सुट्टीच्या दिवशी मित्रांसह वावरात जातो, ते हवेत भिरकावतो आणि दहाव्या सेकंदाला त्याचे तुकडे गोळा करू लागतो. त्या दहा सेकंदांचे कारण आणि बेलोऱ्यावर एटीआर उतरण्याचे कारण एकच आहे. भारतीय विमानविद्येच्या इतिहासात ते कारण पुरते ओळखून काम करणारा एक मराठी माणूस होऊन गेला. त्याच्याकडे वळण्यापूर्वी हे यंत्र समजून घेतले पाहिजे.

छंदाच्या दुनियेत ‘ईडीएफ’ म्हणतात तो इलेक्ट्रिक डक्टेड फॅन. जेटसारख्या दिसणाऱ्या या मॉडेलमध्ये इंधन जळत नाही. धडाच्या आत एक नळी असते, नळीत अनेक पात्यांचा छोटा पंखा आणि त्यामागे विजेची मोटर. पंखा पुढून हवा आत घेतो आणि मागच्या अरुंद तोंडातून वेगाने बाहेर फेकतो. नवशिक्यांच्या मॉडेलमध्ये या पंख्याचा व्यास बहुधा ६४ किंवा ७० मिलिमीटर असतो.

याच्या शेजारी साध्या सरावाच्या मॉडेलचा दहा इंची प्रोपेलर ठेवून पाहावा. त्याचे वर्तुळ ७० मिलिमीटरच्या पंख्याच्या सुमारे १३ पट मोठे भरते. पुष्कळ हवा हळू ढकलणे स्वस्त पडते, थोडी हवा जोरात ढकलणे महाग पडते. तेवढ्याच विजेत, जागेवर उभे असताना, छोट्या पंख्याला मोठ्या प्रोपेलरच्या जवळपास निम्माच रेटा साधतो. ही उणीव भरून काढायची तर बॅटरीतून प्रचंड प्रवाह खेचावा लागतो. सहा सेलच्या २२.२ व्होल्ट बॅटरीवर ७० मिलिमीटरचा पंखा पूर्ण जोरात ६०-७० अँपिअर खातो. म्हणजे दीड किलोवॅटच्या आसपास, घरातल्या इस्त्रीहून अधिक. त्यामुळे सारे उड्डाण तीन-चार मिनिटांत आटोपते.

नळीतल्या पंख्याची कल्पना जुनी आहे. इटलीत लुइजी स्टिपा यांच्या आराखड्यावर बांधलेले, पिंपासारख्या धडाचे विमान १९३२ मध्ये उडाले होते. विजेवर उडणारी मॉडेलेही १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून दिसू लागली. १९५७ मध्ये इंग्लंडमध्ये कर्नल टॅप्लिन यांनी रेडिओवर चालणारे विजेचे मॉडेल उडवले. फ्रेड मिलिट्की यांनी या विद्येचा ध्यासच घेतला आणि त्यांच्या प्रयत्नांतून १९७३ मध्ये ऑस्ट्रियात माणूस बसलेले विद्युत विमान काही मिनिटे हवेत राहिले. पंखा होता, मोटर होती. अडले ते बॅटरीच्या वजनापाशी. निकेल-कॅडमियमचे सेल इतके जड की छोट्या पंख्याची भूक भागवेपर्यंत विमानच उठेनासे होई. १९९१ मध्ये लिथियम-आयन सेल बाजारात आले, पुढे हलक्या लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या आणि ब्रश नसलेल्या मोटरी स्वस्त झाल्या, तेव्हा कुठे फोमचे जेट सामान्य छंदिष्टाच्या हाती पडले. आज अकोल्यात बसून जे जेट मागवता येते, ते मुख्यतः बॅटरीच्या इतिहासाचे फळ आहे.

आता तो मराठी माणूस. मराठी विमानेतिहासाचा विषय निघाला की गाडी हमखास शिवकर बापूजी तळपदे आणि १८९५ च्या चौपाटीवर जाऊन थांबते. त्या उड्डाणाला समकालीन भक्कम पुरावा नाही, तरी दरवर्षी तोच वाद नव्याने रंगतो. त्या गदारोळात ज्यांच्या प्रत्येक विमानाची नोंद आहे, ते डॉ. विष्णू माधव घाटगे झाकले जातात. हे आपल्या स्मरणशक्तीला शोभणारे नाही.

घाटगे यांचा जन्म १९०८ चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूचा. उच्च शिक्षणासाठी ते जर्मनीत ग्योटिंगेनला गेले आणि लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. प्रांटल म्हणजे आधुनिक वायुगतिकीचे आद्य आचार्य. पंखाला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराचा सिद्धान्त त्यांनी १९०४ मध्ये मांडला. हा थर पंखापासून सुटला की विमान ‘स्टॉल’ होते, म्हणजे पंखाचा आधार एकाएकी ओसरतो. वावरात कोसळणाऱ्या फोमच्या जेटचेही बहुतेक वेळा हेच होते.

भारतात परतल्यावर घाटगे बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये काम करू लागले. तिथल्या त्यांच्या कामाचा क्रम पाहण्यासारखा आहे. १९४१ मध्ये जी-१, हे इंजिनच नसलेले ग्लायडर. ऑगस्ट १९५१ मध्ये उडालेले एचटी-२, हे प्रोपेलरचे, दोन आसनांचे शिकाऊ विमान. आणि ४ सप्टेंबर १९६४ रोजी प्रथम आकाशात गेलेले एचजेटी-१६ ‘किरण’, हे शिकाऊ जेट. ग्लायडर, प्रोपेलर, जेट. दोन दशकांहून अधिक काळ या तीन पायऱ्यांत गेला.

याच कारखान्यात कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली ‘मरुत’ हे लढाऊ जेट घडत होते. ते १७ जून १९६१ रोजी उडाले. पण त्याआधी १९५९ मध्ये त्याच आकाराचे लाकडी ग्लायडर बांधून डाकोटा विमानामागे ओढत हवेत नेले गेले आणि पंख कसा वागतो ते तपासले गेले. इंजिनाचा नंबर त्यानंतर लागला.

‘किरण’पूर्वी हवाई दलाचे शिकाऊ वैमानिक एचटी-२ आणि हार्वर्डवरून व्हँपायर जेटवर जात. व्हँपायर हे मूळचे लढाऊ विमान, शिकवण्यासाठी बदलून घेतलेले. ‘किरण’ मात्र पहिल्या रेषेपासून शिकणाऱ्यासाठी आखले गेले. पंख सरळ, मागे न झुकलेले. गुरू आणि शिष्य शेजारीशेजारी बसलेले. इंजिन व्हायपर, रेटा सुमारे १,१३० किलोचा. पूर्ण भारले की विमानाचे वजन चार टनांच्या वर जाई, म्हणजे रेटा वजनाच्या जेमतेम चौथा हिस्सा. १९६८ पासून ते हवाई दलात आले, पुढे कित्येक पिढ्या त्यावर घडल्या, आणि १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘सूर्यकिरण’ पथकाच्या कसरतीही आरंभी याच विमानावर झाल्या. घाटगे यांना १९६५ मध्ये पद्मश्री मिळाली.

वजनाच्या पावपट रेट्यावर जे विमान शिकाऊंना सांभाळून नेते, त्याच्या तुलनेत बाजारातल्या ७० मिलिमीटरच्या मॉडेलचा रेटा अनेकदा वजनाहूनही अधिक असतो. तरी ते कोसळते. कारण विमान तोलून धरतो तो पंख. नवखा मात्र विक्रेत्याला फक्त रेटा विचारतो आणि रूपावर भाळून राफेल किंवा सुखोई उचलतो. त्रिकोणी किंवा झुकलेला पंख, इवलेसे क्षेत्रफळ आणि त्यावर बॅटरीचा दगड, अशी ती जुळणी असते. पहिल्या जेटसाठी घाटगे यांनी काढलेले चित्र समोर ठेवावे : सरळ रुंद पंख, शिकाऊ विमानाचा घाट, फ्लॅपची सोय आणि वजन जितके कमी तितके बरे. आणि हे जेट पहिले विमान तर मुळीच नसावे. प्रोपेलरच्या मॉडेलवर, आधी वरच्या आणि मग खालच्या पंखाच्या, उतरणे हातात पक्के बसल्यावरच याचा विचार करावा. एअर इंडियाने २०२४ मध्ये बेलोऱ्याला वैमानिक घडवणारी संस्था उभारण्याचे जाहीर केले आणि तिच्यासाठी ३४ विमाने मागवली. त्यांतली ३१ एका इंजिनाची, ३ दोन इंजिनांची. जेट एकही नाही.

वऱ्हाडाच्या भूमीचा प्रश्न वेगळाच आहे. शिवणीची अकोल्याची धावपट्टी महायुद्धकाळापासूनची, पण विस्तार रखडल्याने नियमित विमानांना मुकलेली. छंदिष्टाला तर तीही मिळत नाही. त्याच्या वाट्याला येते काळी माती. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. अशा जमिनीवर छोट्या चाकांचे जेट धावूच शकत नाही. म्हणून इथे ६४ मिलिमीटरचे, किलोभर वजनाचे, हाताने किंवा गोफणीसारख्या ताणलेल्या रबरी दोराने सोडता येणारे आणि पोटावर उतरणारे मॉडेल अधिक शहाणपणाचे. सोयाबीन निघाल्यानंतरचे मोकळे वावर किंवा गवताळ पडीक माळ उत्तम. शेजारी पऱ्हाटी उभी असेल तर मात्र जपावे, तिच्या वाळक्या काड्या फोमला आरपार भोकसतात. आणि धुऱ्यावरची बाभूळ नेहमी वाटते त्याहून जवळ असते.

उन्हाळ्याचा हिशेबही मांडलाच पाहिजे. अकोल्यात पारा ४५ अंशांवर जातो. १५ अंशांच्या मानाने तेव्हा हवा नऊ-दहा टक्के विरळ झालेली असते. पंखा तेवढ्याच फेऱ्या मारूनही रेटा त्याच प्रमाणात कमी देतो आणि तरंगण्यासाठी लागणारा वेग सुमारे पाच टक्क्यांनी वाढतो. शिवाय तापलेली बॅटरी आणखी तापते. डिसेंबर-जानेवारीची निवांत सकाळ यासाठी सर्वांत बरी.

हातातून सुटल्यावरचे ते दहा सेकंद आता उलगडतात. प्रोपेलरच्या विमानात पुढच्या पंख्याचा वारा थेट शेपटीवर येतो, त्यामुळे मंद वेगातही एलेव्हेटर ऐकतो. ईडीएफची हवा नळीतून थेट मागे निघून जाते. शेपटीला मिळतो तो फक्त विमानाच्या स्वतःच्या वेगाचा वारा. मॉडेल सुटते, किंचित खाली झुकते, घाबरलेला हात काडी मागे ओढतो, नाक वर जाते, वेग मरतो, प्रांटल यांचा तो थर सुटतो आणि एक पंख खाली पडतो. उपाय मनाविरुद्धचा आहे. पूर्ण थ्रॉटल, वाऱ्याला तोंड, पंख सपाट, आणि वेग येईपर्यंत चढण्याचा हट्ट नाही. मॉडेल ताशी १०० किलोमीटरवर गेले की अर्ध्या सेकंदात १४ मीटर पुढे सरकते. म्हणून वळण आधी मनात घ्यावे आणि मग काडीवर. उतरतानाही थ्रॉटल एकदम तोडू नये. पंख्याला पुन्हा वेग घ्यायला क्षण लागतो आणि जमिनीजवळ तो क्षण मिळत नाही. आरंभीच्या खऱ्या जेट इंजिनांनीही वैमानिकांना याच मंदपणामुळे गोत्यात आणले होते. घड्याळ अडीच-तीन मिनिटांवर लावावे, म्हणजे एखादे उतरणे फसले तरी दुसऱ्या फेरीपुरती वीज उरते.

बेलोऱ्याची वाहतूक सुरू झाल्याने आणखी एक गोष्ट बदलली. २०२१ च्या ड्रोन नियमांत छंदाची मॉडेलेही येतात. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे. त्याहून जवळ परवानगीवाचून उडवू नये. शिवणीसह दोन्ही विमानतळांभोवतीचा आजचा नकाशा ‘डिजिटल स्काय’वर पाहूनच वावर निवडावे.

उड्डाण संपल्यावर बॅटरी थंड होऊ द्यावी. ती तशीच रिकामी किंवा पूर्ण भरलेली ठेवू नये, प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून, उन्हात उभ्या गाडीत न विसरता, घरात जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावी. फुगलेला पॅक पुन्हा चार्जिंगला लावू नये.