मुलांच्या चेहऱ्यावरची न दुखणारी गाठ : अंगावरचे डाग मोजा, गाठ कापू नका

कर्जत/खालापूर : लहान मुलाच्या गालावर, पापणीवर किंवा कानापुढे मऊ गाठ दिसली की 'चरबीची असेल, लावणी उरकली की दाखवू' असं म्हटलं जातं. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं. पण न दुखता हळूहळू वाढणारी गाठ क्वचित मज्जातंतूची असू शकते.

गाठ कशाची?
मेंदूचा निरोप अवयवांपर्यंत नेणाऱ्या नसांवर, वायरीवर प्लास्टिक असतं तसं आवरण असतं. त्यातील पेशी वाढल्या की गाठ होते. एकाच जागी वाढणारी श्वानोमा, तर झाडाच्या मुळांसारखी पसरणारी प्लेक्सिफॉर्म न्यूरोफायब्रोमा. यातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात.

डाग मोजा
पसरणारी गाठ बहुधा न्यूरोफायब्रोमाटोसिस या जनुकाच्या आजारात होते. साधारण ३,००० बाळांमागे एकाला हा आजार असतो. निम्म्या मुलांत तो आई किंवा वडिलांकडून येतो, बाकीच्यांच्या घरात आधी कोणालाच नसतो. अंगावर ५ मिलिमीटरपेक्षा मोठे ६ किंवा जास्त सपाट तपकिरी डाग आणि काखेत बारीक ठिपके ही त्याची खूण. हा आजार लागट नाही, नजर लागूनही होत नाही. पोराला शाळेत वेगळं बसवू नये.

काय करू नये?
डाग देणे, चोळणे, छोट्या दवाखान्यात गाठ कापून घेणे टाळावे. चेहरा हलवणारी नस कानापुढूनच जाते. ती तुटली तर तोंड वाकडं होतं, डोळा मिटत नाही. पसरलेल्या गाठीतून रक्तही खूप जातं.

कुठे दाखवायचं?
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येतं. १८ वर्षांपर्यंत तपासणी मोफत आहे. पथकाची वाट न बघता कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवता येतं. पुढे गरज पडल्यास परळचं वाडिया बाल रुग्णालय किंवा टाटा रुग्णालय आहे. तिथे एमआरआय व डोळ्यांची तपासणी होते. पूर्ण गाठ काढता येईलच असं नाही, ती पुन्हा वाढूही शकते. ऑपरेशन न होणाऱ्या गाठींसाठी सेलुमेटिनिब या औषधाला अमेरिकेत २०२० मध्ये मंजुरी मिळाली. रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत न्यावे आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल आरोग्यमित्राला विचारावे.

गाठ अचानक वाढली, कडक झाली, दुखू लागली किंवा नजर कमी झाली तर त्याच दिवशी निघावे. एरवी दर महिन्याला मोबाईलवर एकाच बाजूने फोटो काढून ठेवावा. गाठ किती वाढली, हे त्या तारखेच्या फोटोंवरून डॉक्टरांना लगेच कळतं.