महालाचं भाडं आणि आमचा ब्लॉक

डोंबिवलीच्या माणसाला मरीन ड्राइव्हवर नेऊन उभं केलं, तर तो पाच मिनिटं समुद्र बघतो आणि मग समुद्राकडे पाठ करून अर्धा तास इमारती बघतो. त्याचं बरोबरच आहे. समुद्र काय, देवानं फुकट दिलेला. पण समुद्राकडे तोंड करून ओळीनं बसलेले ते गोल कोपऱ्यांचे, लांबलचक गॅलऱ्यांचे महाल कुणाचे? तिथं राहतं कोण? आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, भाडं किती देत असतील हो? पहिले दोन प्रश्न कुणीही विचारील. तिसरा मात्र खास आपल्या मध्यमवर्गाचा, आणि माझ्या मते इतिहास दडला आहे तो त्याच्यातच.

मुळात ती जमीनच समुद्राची. सन १९२० च्या सुमारास गव्हर्नर लॉइडच्या कारकीर्दीत बॅकबे बुजवायचं मोठं काम निघालं. ठरले होते आठ तुकडे. खर्च इतका फुगला आणि काम असं रखडलं की त्या वेळी पुरे झाले चारच. लोक त्याला ‘लॉइडचा वेडेपणा’ म्हणू लागले. या भानगडीविरुद्ध वीर नरीमन यांनी रान उठवलं, एका इंग्रज अधिकाऱ्यानं त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, आणि नरीमन त्यातून सुटले. पुढे स्वातंत्र्यानंतर समुद्र आणखी बुजवला आणि त्या भरावाला नाव दिलं नरीमन पॉइंट! ज्यानं भरावाच्या नावानं बोटं मोडली, त्याचंच नाव भरावाला. मुंबई सूड उगवते तोसुद्धा असा सत्कार करून.

या नव्या जमिनीवर १९३० नंतर इमारती उठल्या. बांधकाम सिमेंट-काँक्रीटचं, थाट बोटीचा. कठडे डेकसारखे, काही खिडक्या गोल, आणि खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे. आपल्या पावसाला आणि उन्हाला हे छज्जे इतके मानवले की फॅशन आणि शहाणपण एकदाच एकत्र नांदलं. यातली १९३७ ची ‘सूना महल’ ही नामांकित इमारत काढली गजानन बाबुराव म्हात्रे या आर्किटेक्टनं. ठाणे-कल्याणकडे म्हात्रे हे नाव ऐकलं की आपण ‘कुठल्या गावचे?’ असं विचारतो. त्या नावाचा माणूस बोटीसारखे महाल काढत होता, हे ऐकून छाती उगाचच दोन इंच फुगते. कृष्ण महलमध्ये सुरैया राहायची, शॅटो मरीनमध्ये नर्गिस. नावंसुद्धा कशी, महल नाहीतर कोर्ट! आमच्याकडे ‘मातृछाया’ आणि ‘श्रमसाफल्य’. तिकडे आल्यागेल्याला ऐश्वर्य सांगायचं, इकडे कर्ज फिटल्याचं.

आणि चैन म्हणजे होती तरी काय? लिफ्ट, घरातला नळ, घरातलं न्हाणीघर आणि घरातलाच संडास. आज हसू येईल, पण गिरगावच्या चाळीत सकाळी हातात टमरेल घेऊन रांगेत उभं राहिलेल्याला विचारा. त्याला गोल कोपऱ्याचं काय कौतुक? त्यानं मरीन ड्राइव्हच्या त्या एका दरवाजालाच दंडवत घातला असता.

मग लढाई आली. १९४२ साली सिंगापूर आणि रंगून पडल्यावर मुंबईवर बॉम्ब पडतील या धास्तीनं अर्धी चाळ कोकणात गेली. पण लढाईच्या कामधंद्यामुळे गर्दी उलट वाढली, आणि फाळणीनंतर निर्वासित आले. कल्याणचा लष्करी कॅम्प त्यांनीच भरला आणि १९४९ साली त्याचं उल्हासनगर झालं. जागा थोड्या आणि माणसं फार. मालकांनी भाडी मनास येतील तशी वाढवू नयेत म्हणून १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा झाला. हेतू चांगला होता, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. त्यानं ठरवलं असं की १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं असेल तेच प्रमाण भाडं.

आपल्या इतिहासाच्या पुस्तकात ही तारीख नाही. त्या दिवशी कुणी गड सर केला नाही की कुणी तहावर सही केली नाही. पण मुंबईचं घड्याळ बंद पडलं ते त्याच दिवशी! पुढे १९६९ साली दुरुस्ती मंडळाच्या कायद्यानं जुन्या इमारतींची वर्गवारी झाली, तर पहिला वर्ग कोणता? १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारतींचा. सोनं वाढलं, तूप वाढलं, पण भाडं वाढेना. चाळीच्या खोलीला जो कायदा तोच समुद्रावरच्या महालाला. कित्येक महालांचं भाडं काही शे रुपयांतच अडकून बसलं. आमच्या सोसायटीचा मेंटेनन्स त्याहून जास्त! भाडेकरू जागा सोडीना. सोडलीच तर पागडी घेऊन, आणि मालकाला त्यातला वाटा देऊन. हक्क बापाकडून मुलाकडे जाऊ लागला. मालक म्हणे, एवढ्या भाड्यात रंग कसा काढू? भाडेकरू म्हणे, दुसऱ्याच्या भिंतीला मी का म्हणून रंग लावू? दोघांच्या या संवादात खारा वारा मुकाट्यानं काँक्रीटमधलं लोखंड खात बसला.

आता आमचं नातं सांगतो. भाडं वाढणार नसेल तर भाड्यानं द्यायला नवी इमारत बांधील कोण? गिरगावात, दादरला दोन खोल्यांत तिसरी सून आली की काय करायचं? रिकामी जागा नाही, आणि असलीच तर पागडी बापजन्मात जमायची नाही. म्हणून ओनरशिपची टूम निघाली, १९६३ साली तिचाही कायदा झाला, आणि पीएफ, सोसायटीचं कर्ज आणि बायकोच्या पाटल्या यांची बेरीज करून माणूस गाडीत बसला. ठाण्याला परवडेना म्हणून पुढे डोंबिवलीला उतरला. डोंबिवली वसायला इतरही कारणं झाली, पण हे मोठं. महालातली माणसं जागची हलली नाहीत, म्हणून आम्ही सुमारे ४८ किलोमीटर हललो आणि पुढे रोज दोनदा हलत राहिलो.

पण मिळालं काय? ‘सेल्फ-कंटेन्ड ब्लॉक’! हा शब्द आमच्या पिढीनं मंत्रासारखा उच्चारला. घरातला नळ, घरातलं न्हाणीघर, घरातला संडास. म्हणजे लिफ्ट आणि समुद्र वजा केला, तर १९३७ चा महाल जसाच्या तसा. समुद्राची उणीव डोंबिवलीचा पाऊस दर जुलैत भरून काढतोच.

महालाचं बंद घड्याळ पुढे थोडं हललं. १९९७ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं गोठलेलं भाडं अवाजवी ठरवलं. १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यानं वर्षाला चार टक्के वाढ दिली आणि पागडीलाही मान्यता दिली. २०१८ साली मरीन ड्राइव्हची पहिली रांग युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. चाळीस वर्षं जागा सोडली नाही की त्याला हट्ट म्हणतात. ऐंशी वर्षं सोडली नाही की वारसा.

आमच्या ब्लॉकांना मात्र असला मान मिळायचा नाही. त्यांचीही चाळिशी उलटली, गच्ची गळते, प्लास्टर पडतं. वार्षिक सभेत कुणीतरी तावातावानं उठतो, ‘अहो, या इमारतीकडे मालकाचं लक्ष आहे की नाही?’ सगळे गप्प होतात. सेक्रेटरी हळूच चष्मा काढतो आणि म्हणतो, ‘काका, मालक आपणच.’

त्या सभेत मला महालातल्या भाडेकरूचा खरा हेवा वाटतो. समुद्राचा नव्हे, भाड्याचा नव्हे; शिव्या द्यायला त्याला हक्काचा मालक आहे, त्याचा!